एका ‘नोबल’ला मराठी शब्द किती?

प्रश्न : मी भाषांतराचं काम करते. सध्या किशोरवयीन वाचकांसाठी असलेला एक इंग्रजी लेखसंग्रह मराठीत आणते आहे. विज्ञान, इतिहास, धर्म, शेती, प्राणी, शेवटी एका शिक्षकांवरचा मृत्युलेख, असं सगळं त्यात आहे. पुस्तकात ‘नोबल’ हा शब्द अकरा ठिकाणी आला आणि मी अकराही ठिकाणी ‘उदात्त’ लिहिलं. शब्दकोशात तोच आधी सापडला आणि एका शब्दाला सगळीकडे एकच शब्द असावा असं वाटलं. संपादकांनी मजकूर परत पाठवला. ‘उदात्त वायू’खाली लाल रेघ, ‘उदात्त घोडा’खाली दोन रेघा आणि समासात शेरा : ‘असं मराठीत कोणी म्हणतं का?’ या शब्दाला मराठीत नेमका एक प्रतिशब्द आहे का? नसेल तर आपली भाषा इथे कमी पडते असं समजायचं का? आणि मनातलं विचारते, हे काम मला जमणारं आहे का?
— एक भाषांतरकार

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ती काळजी मनात ठेवून बाकीचं वाचलंत तर काही डोक्यात शिरणार नाही. काम तुम्हाला जमणारं आहे. शब्द किती वेळा आला ते तुम्ही मोजलंत. मजकूर परत आल्यावर तो बाजूला न टाकता कारण शोधायला बसलात. भाषांतराला लागणारा स्वभाव हाच. चुकलं ते एवढंच की एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द असा हिशेब तुम्ही धरलात. परिभाषेत तो हिशेब बरोबर असतो. ‘ऑक्सिजन’ला दर वेळी ‘ऑक्सिजन’च लिहायचं. पण ‘नोबल’ या एका नावाखाली चार-पाच वेगळ्या कल्पना राहतात आणि त्यांचं एकमेकींशी फारसं बोलणंही नाही.

मराठी इथे कमी पडत नाही. इंग्रजीत कुळाचा मोठेपणा आणि मनाचा मोठेपणा हे दोन्ही या एकाच शब्दात बांधलेले आहेत. मराठीत त्यांना बहुतेक वेळा वेगवेगळे शब्द आहेत, त्यामुळे मराठी लिहिणाऱ्याला दर वेळी थांबून ठरवावं लागतं : मूळ लेखक जन्माबद्दल बोलतोय की वागण्याबद्दल? तुमचा त्रास त्या ठरवण्याचा आहे, आणि तो घेण्यासारखा आहे.

थोडं मुळाशी जाऊ. ‘नोबल’ आला लॅटिन ‘नोबिलिस’वरून, फ्रेंचमार्गे. ‘नोबिलिस’चं त्याहून जुनं रूप ‘ग्नोबिलिस’, आणि त्यातला ‘ग्नो’ म्हणजे जाणणं. संस्कृतातला ‘ज्ञा’ धातू त्याच घरातला. म्हणजे इंग्रजांचं ‘नोबल’ आणि आपलं ‘जाणणं’ हे लांबचे का होईना, नातलग आहेत. सुरुवातीचा अर्थ इतकाच होता : ज्याला लोक जाणतात तो. आपण ‘नावाजलेलं घराणं’ म्हणतो ना, तीच कल्पना. सुरुवातीचा तो ‘ग’ पुढे गळून गेला, पण त्याच्या उलट अर्थाच्या ‘इग्नोबल’मध्ये अजून टिकून आहे. मला अशा जागा फार आवडतात. शब्दानं टाकलेलं अक्षर त्याच्याच विरोधी शब्दानं सांभाळून ठेवलेलं असतं.

रोमच्या प्रजासत्ताकात ज्या घराण्यातला कोणी पूर्वज कॉन्सल या सर्वोच्च पदापर्यंत पोचला होता, त्या घराण्याला ‘नोबिलिस’ म्हणत. असे लोक पूर्वजांचे मेणाचे मुखवटे घराच्या दर्शनी दालनात कपाटात ठेवत आणि घरात कोणी गेलं की अंत्ययात्रेत ते मुखवटे चढवून माणसं चालत. सगळ्या शहरानं ते चेहरे ओळखावेत, म्हणून. सिसेरो इसवी सनपूर्व 63 मध्ये कॉन्सल झाला, पण त्याच्या घरात असा एकही मुखवटा नव्हता. अशा माणसाला रोमन लोक ‘नवा माणूस’ म्हणत. विद्वत्ता, वक्तृत्व सगळं असून ‘नवा’. तेव्हा या शब्दात चांगुलपणा अजून आलेलाच नव्हता, फक्त ओळख होती.

चांगुलपणा मागून आला. ज्यांची घराणी मोठी, त्यांची मनंही मोठी असणार, असं वरच्या लोकांनी गृहीत धरलं आणि भाषेनं ते मुकाट्यानं उचललं. इंग्रजीत ‘जेनरस’ म्हणजे आज उदार, पण त्याचं लॅटिन मूळ ‘चांगल्या कुळात जन्मलेला’ असं आहे. उलट बाजूला ‘व्हिलन’ पाहा. मूळचा तो जमीनदाराच्या वाडीवर राबणारा शेतमजूर. गरीब होता म्हणून दुष्ट ठरला. आपल्याकडेही हेच झालंय. ‘कुलीन’, ‘खानदानी’, ‘घरंदाज’ हे सगळे जन्माचे शब्द, आणि आपण ते वागणुकीसाठी वापरतो. ‘नीच’ म्हणजे मुळात खालचा, ‘हीन’ म्हणजे कमी असलेला. म्हणून चांगल्या माणसाला सहज ‘कुलीन’ म्हणताना माझा हात थांबतो. त्या एका शब्दानं, ज्यांच्या कुळाला कोणी कधी विचारलं नाही अशा असंख्य चांगल्या माणसांना आपण दाराबाहेर उभं करतो. तुम्ही मुलांसाठी लिहिताय, तेव्हा हे जपाच.

आणि ‘उदात्त’? तो शब्द सुंदर आहे, पण त्याचं क्षेत्र वेगळं आहे. ‘उदात्त’ म्हणजे वर उचललेलं. वेदपठणात उदात्त, अनुदात्त, स्वरित असे तीन स्वर सांगितलेत. त्यात उंच लागतो तो उदात्त. म्हणजे हा शब्द मुळात आवाजाच्या उंचीचा. म्हणून तो विचाराला शोभतो, हेतूला शोभतो, ध्येयाला, भावनेला, काव्याला शोभतो. हाडामांसाच्या माणसाला तो थोडा सैल होतो, आणि घोड्याला तर मुळीच बसत नाही. संपादकांनी घोड्याखाली दोन रेघा का मारल्या ते लक्षात आलं असेल.

घोड्याला आपल्याकडे तयार शब्द आहे : उमदा. अरबी-फारसीकडून आला आणि असा रुळला की आता तो परका वाटतच नाही. ‘उमदं जनावर’ म्हटलं की मान, पाठ, चाल, डोळे, सगळं दिसतं. शिवाय हा शब्द माणसालाही चालतो आणि तिथे कुळ विचारत नाही. ‘फार उमदा माणूस’ म्हणताना त्याचे वडील कोण हे कोणाच्या मनात येत नाही. माझ्या मते ‘नोबल’च्या जवळ जाणारा सगळ्यात निकोप मराठी शब्द हाच, आणि तो हल्ली कमी वापरला जातो याचं मला वाईट वाटतं. ‘जातिवंत घोडा’ही बरोबर आहे, पण तिथे पुन्हा वंश आला. मूळ लेखात पैदाशीबद्दल चाललं असेल तर जातिवंत, रुबाब आणि स्वभाव सांगायचा असेल तर उमदा.

आता तुमच्या ‘उदात्त वायू’कडे येते, कारण इथे तुमच्या हाताशी तयार शब्द होता आणि तो तुम्हाला कोणी सांगितला नाही. शाळेच्या मराठी विज्ञानात त्यांना ‘राजवायू’ म्हणतात, आणि सोनं-प्लॅटिनमसारख्या धातूंना ‘राजधातू’. हेलिअम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन हे राजवायू. ते सहसा कोणाशी संयोग पावत नाहीत. थोरामोठ्यांनी सामान्यांत मिसळू नये, या जुन्या समजुतीवरून त्यांना हे नाव मिळालं. जर्मनीत ह्यूगो एर्डमान यांनी 1898 मध्ये ‘एडेलगास’ म्हटलं. ‘एडेल’ म्हणजे नोबलच. सोन्याला हवेत गंज चढत नाही, म्हणून धातूंमध्ये ते कुलीन, तसे वायूंमध्ये हे.

‘निष्क्रिय वायू’ हाही शब्द तुम्हाला पुस्तकांत सापडेल. तो वापरू नका असं मी म्हणणार नाही, पण ‘राजवायू’ जास्त खरा आहे, आणि त्याचं कारण मुलांना सांगण्यासारखं आहे. ‘अरगॉन’ या नावाचाच ग्रीक अर्थ आळशी. रॅले आणि रॅम्झी यांना तो 1894 मध्ये सापडला आणि तो कशाशीच क्रिया करीना, म्हणून हे नाव. पुढे सहा दशकांहून जास्त काळ सगळ्यांनी धरून चालवलं की या कुटुंबातला एकही वायू संयुग करत नाही. मग 1962 मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचं संयुग करून दाखवलं. त्या दिवसापासून ‘निष्क्रिय’ हा शब्द तंतोतंत खरा राहिला नाही. ‘राजवायू’ला मात्र धक्का लागला नाही. राजा कोणाशी क्वचितच बोलतो, पण बोलत नाही असं नाही.

या ‘राज’मुळे आणखी एक सोय होते. सोनं एकट्या नायट्रिक आम्लात विरघळत नाही आणि एकट्या हायड्रोक्लोरिक आम्लातही विरघळत नाही. तीन भाग तीव्र हायड्रोक्लोरिक आणि एक भाग तीव्र नायट्रिक मिसळलं की विरघळतं. त्या मिश्रणाचं मराठी नाव ‘आम्लराज’. राजधातूला विरघळवतो तो आम्लराज. ज्यांनी ही परिभाषा घडवली त्यांनी कानानं ऐकत घडवली, असं मला नेहमी वाटतं.

इथेच एक सूचना, कारण मजकुरात ‘नोबल पारितोषिक’ असंही तुमच्याकडून गेलं असण्याची शक्यता आहे. ते ‘नोबेल’. आल्फ्रेड नोबेल यांचं ते आडनाव, आणि त्याचा ‘नोबल’शी काही संबंध नाही, ते दक्षिण स्वीडनमधल्या एका खेड्याच्या नावावरून आलं. उच्चारातही जोर ‘बेल’वर आहे. या दोन शब्दांची एकदाच, अगदी खरीखुरी गाठ पडली होती. 1940 साली जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदकं सांभाळायला ठेवलेली होती. जर्मनीतून सोनं बाहेर पाठवणं हा तिथे भयंकर गुन्हा होता आणि पदकांवर नावं कोरलेली. ती सापडली असती तर लाउएंच्या जिवावर बेतलं असतं. त्याच संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज दे हेवेशी यांनी दोन्ही पदकं आम्लराजात विरघळवली आणि द्रावणाची बाटली फळीवर ठेवून दिली. सैनिकांनी इमारत धुंडाळली, बाटलीकडे कोणी पाहिलं नाही. युद्ध संपल्यावर हेवेशींनी त्याच द्रावणातून सोनं परत मिळवलं आणि नोबेल प्रतिष्ठाननं पुन्हा पदकं घडवून दिली. तुमच्या संग्रहात ही गोष्ट नसेल तर संपादकांना चौकटीत घालायला सुचवा. राजधातू, आम्लराज आणि नोबेल हे तिन्ही शब्द एका गोष्टीत मुलांच्या डोक्यात पक्के बसतील.

इतिहासाच्या प्रकरणात ‘नोबल्स’ हे नाम आहे, आणि तुम्ही ‘उदात्त लोक’ लिहिलंय. तिथे सरळ ‘उमराव’ लिहा. फ्रान्समध्ये क्रांतीआधी धर्मगुरू, उमराव आणि बाकीचे सगळे अशी तीन वर्गांची रचना होती. 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री उमरावांचे विशेषाधिकार गेले आणि 19 जून 1790 ला वंशपरंपरागत किताबच रद्द झाले. अशा वाक्यात ‘उदात्त लोकांचे अधिकार काढून घेतले’ असं वाचणाऱ्या मुलाला क्रांती करणारे दुष्ट वाटतील. शब्दाची चूक थेट इतिहासाची चूक होते. ‘सरदार’ हा शब्दही पुष्कळ जण वापरतात, पण त्याला फौजेचा वास आहे. ‘अभिजात’ आज मुख्यतः संगीताला, साहित्याला आणि भाषेला लावला जातो, वर्गाला क्वचितच. इंग्लंडबद्दल लिहिताना एक ध्यानात असू द्या : ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन हे उमराव, ‘सर’ हा किताब मिळालेला नाइट मात्र उमराव नव्हे.

‘नोबल’ नावाचं सोन्याचं नाणं आहे, ते विशेषनाम समजा आणि तसंच ठेवा. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड यानं ते 1344 मध्ये पाडलं, किंमत 80 पेनी, म्हणजे तेव्हाच्या पौंडाचा तिसरा हिस्सा. ‘नोबल नावाचं नाणं’ एवढं पुरे.

‘चार उदात्त सत्ये’ मात्र लगेच बदला. ती ‘चार आर्यसत्ये’ आणि ‘आर्य अष्टांगिक मार्ग’. मूळ पाली शब्द ‘अरिय’. संस्कृतातलं त्याचं रूप ‘आर्य’, आणि इंग्रजीत त्याचा ‘नोबल’ झाला. तुम्ही इंग्रजीतून परत येताना तिसऱ्याच दारानं शिरलात. असं पुष्कळांचं होतं. इंग्रजीतून आलेला भारतीय विचार मराठीत नेताना आधी त्याचं मूळ नाव शोधायचं, ही सवय लावून घ्या. आणि या शब्दापाशी मी नेहमी थोडी रेंगाळते. ‘आर्य’ हाही कुळाचा शब्द होता, आणि बुद्धांनी तो कुळावरून सोडवून वागण्यावर आणला. जिवांना इजा करणारा आर्य नव्हे, अशी पाली गाथाच आहे. युरोपात हा प्रवास अनेक शतकं रेंगाळत झाला. इथे तो कोणी तरी जाणून केला.

द्राक्षांवरच्या ‘नोबल रॉट’साठी मला रूढ मराठी शब्द माहीत असता तर तोच दिला असता. ही करडी बुरशी एरवी फळं कुजवते, पण दमट सकाळ आणि कोरडी दुपार अशी हवा मिळाली की द्राक्षाच्या सालीतून पाणी उडून जातं, साखर आत दाट होते आणि त्यापासून गोड वाइन होते. मी ‘गुणी बुरशी’ लिहीन आणि पुढे हे एक वाक्य जोडीन. ‘उदात्त कुजणं’ लिहू नका.

धावता धावता पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला उठवायला थांबलेल्या खेळाडूची ती ‘नोबल’ कृती, तिथे ‘मनाचा मोठेपणा’ किंवा ‘दिलदारपणा’. आणि तुमच्या यादीत नाही, पण पुढे कधी तरी ‘नोबल प्रोफेशन’ येईलच, म्हणून सांगते. शिक्षक, परिचारिका, डॉक्टर यांच्या कामाबद्दल हे म्हटलं जातं. ‘लोकांच्या उपयोगी पडणारं काम’ असं साधं लिहा. ‘पवित्र पेशा’ म्हटलं की पगार मागणंच अपवित्र ठरतं, आणि हा शब्द त्यासाठी वापरलेला मी फार वेळा पाहिलाय.

राहिला मृत्युलेख. तुम्ही ते वाक्य पत्रात उतरवून पाठवलंत, त्याचा आशय असा : ते कुठल्याही नोबल घराण्यातले नव्हते, पण मी पाहिलेला सगळ्यात नोबल माणूस तेच. इथे लेखकानं दोन्ही अर्थ मुद्दाम समोरासमोर उभे केलेत. त्यामुळे दोन वेगळे शब्द घातले तर वाक्य विझतं. ‘ते उमराव घराण्यातले नव्हते, पण फार उदात्त होते’ हे अर्थानं बरोबर आहे, आणि तरी त्यात काही उरत नाही. दोन्हीकडे ‘कुलीन’ घातला तर ‘कुलीन घराण्यातले नव्हते’ ही मराठीत शिवी होते, ज्यांना लेखक नमस्कार करतोय त्यांनाच.

दोन्ही बाजूंनी चालणारा एक शब्द आपल्याकडे आहे, तोही इतका रोजचा की शब्दकोश उघडल्यावर तो आठवत नाही. ‘मोठा’. घर मोठं असतं आणि मनही मोठं असतं. म्हणून मी असं लिहून पाहिलं : ‘ते काही मोठ्या घराण्यातले नव्हते. पण त्यांच्याएवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही.’ ‘मोठ्या घरचे’ आधी लिहिलं होतं, ते खोडलं, कारण त्यात पैसा ऐकू येतो. ‘घराण्यातले’मध्ये कुळ येतं. पहिल्या वाक्यातला ‘काही’ राहू द्या. त्यानं तक्रारीचा सूर जातो आणि शोकसभेत उठून बोलणाऱ्या माणसाचा आवाज येतो. ‘सगळ्यात’ मी गाळला, कारण ‘पाहिला नाही’मध्ये तो आपोआप आहे.

तर अकरांपैकी ‘उदात्त’ एकाच ठिकाणी राहतो, ‘नोबल आयडिया’ आहे तिथे. ‘उदात्त विचार’, तिथे हात लावू नका. बाकीचे दहा बदलून, प्रत्येकासमोर एका ओळीत कारण लिहून संपादकांना पाठवा. ज्या माणसानं घोड्याखाली दोन रेघा मारल्या, त्याला ती कारणं वाचायला आवडतील. आणि मृत्युलेखाचं ते वाक्य तुमच्या मनासारखं जुळलं की मलाही कळवा. ‘पाहिला नाही’ ठेवलंत की ‘पाहिलेला नाही’ केलंत, हे मला वाचायचंय. अजून माझंही ठरलेलं नाही.